प्राण्यांच्या धर्मादाय दवाखान्यात शस्त्रक्रियेची सोय: निधी उभारताना या चुका टाळा

भुलेच्या यंत्रासाठी पैसे जमतात, भुलेच्या औषधासाठी जमत नाहीत. यंत्र देणगीदाराच्या डोळ्यांपुढे येतं, त्याचा रोजचा खर्च येत नाही. आणि आवाहन लिहिणारेही तो लपवतात, कारण आकडा फुगतो. मग ऑपरेशन थिएटर उभं राहतं आणि टाक्याच्या धाग्यावाचून अडतं. सगळ्यात महाग चूक हीच.

म्हणून अंदाजपत्रकात बांधकाम आणि यंत्रांच्या जोडीला पहिल्या 12 महिन्यांचा चालू खर्च मांडा: आयसोफ्लुरेन (हुंगवायचं भुलेचं औषध), ऑक्सिजन, सोडा लाइम (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारे दाणे), श्वासनलिकेतल्या नळ्या, निर्जंतुक हातमोजे, व्हेपोरायझरचं (औषधाची वाफ करून मात्रा ठरवणाऱ्या भागाचं) कॅलिब्रेशन म्हणजे मात्रा अचूक येते का याची तपासणी, वीज गेल्यावरची सोय. प्राणी पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत त्याच्याजवळ बसणाऱ्या माणसाचा पगारही त्यातच. वर 10 ते 15 टक्के रक्कम अनपेक्षित खर्चासाठी ठेवा. जुन्या इमारतीत वायरिंग उघडलं की ती लागतेच.

उपकरणांच्या संचांचा हिशोब तर बहुतेक ठिकाणी चुकतो. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, 121 अंश सेल्सिअसला किमान 15 ते 20 मिनिटं लागतात हे खरं, पण तापणं, वाळणं आणि थंड होणं धरलं की एका फेरीत तासभर सहज जातो. दिवसाला 12 नसबंदी करायच्या तर 12 संच आणि वर दोन राखीव हवेत. दोन संचांवर भागवायला गेलात तर सर्जन हात बांधून बसतो, नाहीतर अर्धवट निर्जंतुक हत्यारं वापरली जातात. एक संच ही रक्कम छोट्या देणगीदाराच्या आवाक्यातली असते, ती वेगळी मागा.

फुकट मिळालेलं यंत्र नेहमी स्वस्त पडतं असं नाही. 3 किलोच्या मांजराच्या एका श्वासात साधारण 30 ते 45 मिलिलिटर हवा जाते. मोठ्या माणसांसाठीचं सर्किट, म्हणजे यंत्राच्या श्वासाच्या नळ्या, त्याच्या कामाचं नाही. होकार देण्याआधी तीन गोष्टी विचारा: सुटे भाग मिळतात का, शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं, व्हेपोरायझर कोणत्या औषधासाठी बनलाय. उत्तरं नसतील तर नम्रपणे नकार द्या.

‘फक्त एक्स-रेसाठी’ म्हणून घेतलेले पैसे दुसरीकडे वळवता येत नाहीत. एक्स-रेला किरणोत्सर्गापासून संरक्षण करणारी खोली आणि परवानगी लागते. तिथे काम अडलं की रक्कमही अडकते. उद्दिष्ट गाठलं नाही किंवा पैसे उरले तर ते शस्त्रक्रिया विभागाच्या इतर गरजांसाठी वापरू, हे वाक्य आवाहनातच छापा. पैसे आल्यावर लिहून उपयोग नाही.

जाहीर मोहीम शून्यापासून सुरू करू नका. आधी विश्वस्त आणि जुने देणगीदार गाठा, निम्मी रक्कम हाती आली की लोकांपुढे जा. कबूल केलेली देणगी म्हणजे खात्यातली रक्कम नव्हे. आगाऊ ऑर्डर खात्यात असेल तेवढ्यावरच. कोटेशनची मुदतही पाहा.

रक्ताळलेल्या जखमांचे फोटो टाकले तर लोक पान उलटतात. टाके काढल्यानंतरचा कुत्रा दाखवा.

मोहीम मध्येच थबकली तर टप्पे पाडा. टेबल, दिवा, भुलेचं यंत्र, पल्स ऑक्सिमीटर, ऑटोक्लेव्ह आणि उबदार पिंजरे एवढ्यावर नसबंदी आणि जखमांची कामं सुरू होतात. हाडांची ड्रिल मागून येऊ द्या. पहिल्या महिन्याचा तक्ता देणगीदारांना पाठवा: किती शस्त्रक्रिया, किती रद्द आणि का, भुलेखाली किती दगावले. शेवटचा आकडा गाळू नका.