ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह कसा तपासायचा

चोर्ला घाटात वळणाआधी ॲक्सिलरेटर सोडला की थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप, मिटतो; पण मिनिटाला लाखभर फेरे घेणारा टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, हवा दाबतच राहतो. ती उलटून टर्बोच्या कंप्रेसरच्या, म्हणजे हवा दाबणाऱ्या चाकाच्या, पात्यांवर आदळते, फडफड ऐकू येते. मिटलेल्या थ्रॉटलमागे मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) जी ओढ (व्हॅक्यूम) तयार होते, तीच ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचा पडदा उचलून हवेला वाट देते.

फोंड्यात माझ्या गॅरेजात मी आधी या ओढीची बारीक रबरी नळी बघतो. चिरलेली असेल तर बदला. मग इंजिन बंद ठेवून त्या जागी व्हॅक्यूमचा हातपंप लावा. व्हॉल्व्ह उघडायला हवा. पंपाचा काटा घसरत गेला तर बहुधा पडदा फाटलाय.

पोरं आवाजासाठी हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह मागतात. आत येणारी हवा मोजणाऱ्या एअर-फ्लो सेन्सरच्या गाडीला मी तो लावत नाही: मोजलेली हवा निसटते, पेट्रोल जादा पडतं.