गडावरच्या मुक्कामासाठी खिचडीची पुडी
हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी रात्री मुक्काम केला की वर वाहून नेलेले बरेचसे पाणी डाळ-तांदूळ धुण्यातच संपते, आणि मीठ नेमके कोणाच्या सॅकमध्ये आहे हे अंधारात कोणालाच आठवत नाही. त्यासाठी दोन वाट्या तांदूळ व एक वाटी मूगडाळ घरीच धुऊन, दाणा बोटाला चिकटणार नाही इतकी पंख्याखाली वाळवावी आणि हळद, तिखट, मीठ, भाजलेले जिरे मिसळून पुडी बांधावी. गडावर ती चौपट पाण्यात अर्धा तास भिजवून त्याच पाण्यात झाकण ठेवून शिजवावी. पाण्याचे माप पुडीवरच लिहिलेले बरे, म्हणजे वाद होत नाहीत. खरकटी भांडी मात्र पिण्याच्या टाक्यात बुडवू नयेत; पाणी काढून घेऊन ती दूर धुवावीत.