अडकलेली भांडी सोडवताना या चुका टाळा

घासलेले पेले ओलेच एकात एक रचले की गच्च बसतात. मग सुरू होते ओढाताण, आणि घरातलं कुणीतरी हमखास सांगतं, "टाक गरम पाण्यात." जोडीच्या जोडी पातेल्यात बुडते.

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. दोन्ही पेले स्टीलचे असले तर तापल्यावर दोघेही सारखेच फुगतात, फट होती तेवढीच राहते. आतला गार आणि बाहेरचा गरम हवा, तोही एकाच वेळी. आतल्यात बर्फ भरा, वर थोडं पाणी ओता. नुसते खडे धातूला जेमतेम टेकतात. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत टाकीचं पहाटेचं पाणीही चालून जातं, एप्रिलमध्ये मात्र बर्फच लागतो. तीन-चार मिनिटांनी बाहेरचा पेला काठाखालपर्यंत कडकडीत पाण्यात 10-15 सेकंद धरा, लगेच फडक्याने पकडा आणि पिळत ओढा. 8 सेंटिमीटर तोंडाच्या स्टीलच्या पेल्यात 50 अंशांच्या फरकाने मिळणारी मोकळीक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते, आणि पातळ पत्र्यातून उष्णता आत शिरायला वेळ लागत नाही. "अजून थोडं तापू दे" म्हणणाऱ्यांचे पेले म्हणूनच सुटत नाहीत. पहिल्या खेपेला नाही निघाला तर पुन्हा गार करा. फटीत आधी दोन थेंब तेल सोडलेलं बरं.

दुसरी चूक महागात पडते. कार्य आटोपतं, पितळी पातेली घासून ओलीच रचली जातात. चार दिवसांनी सुटेनात म्हणून कुणीतरी उतावळा बाहेरचं पातेलं थेट मोठ्या बर्नरवर धरतो. कल्हई म्हणजे कथील, ते 232 अंशांना वितळतं. कोरडं भांडं ज्योतीवर बघता बघता त्यापुढे जातं. पातेली सुटतात, पण कथील ओघळून तळाशी गोळा होतं, पितळ उघडं पडतं आणि कल्हईसाठी भांडी बाजाराची फेरी ठरलेली. कल्हईच्या भांड्याला फक्त गरम पाणी. उकळतं असलं तरी ते शंभराच्या वर जात नाही.

ओली जोडी फ्रीजरमध्ये ठेवू नका. फटीतलं पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं.

काचेला उकळतं पाणी आणि बर्फ एकदम दाखवलात तर तडा जाणारच. आत नळाचं गार पाणी, बाहेर हाताला सोसेल इतकं कोमट, आणि हाताला जाड टॉवेल.

हातोडी नकोच. काठ वाकला की मग गरम-गार काहीही करा.

ॲल्युमिनियमचं गणित वेगळं, कारण ते स्टीलपेक्षा जास्त फुगतं आणि जास्त आकसतं. ते बाहेर असेल तर अख्खी जोडी गरम पाण्यात चालते. आत असेल तर गरम पाण्याने आणखी आवळतं. अशी जोडी कोरडी करून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा, बाहेर काढल्या काढल्या पिळा.