‘याचं लक्षच नसतं’ म्हणण्याआधी: मुलांच्या डोळ्यांबाबत या चुका टाळा

इंदूरच्या रामबागेत माझ्याकडे शिकवणीला येणारा तिसरीतला मुलगा मान वाकडी करून वाचायचा, मधल्या ओळी गाळायचा. आई म्हणायची, “लक्षच नसतं हो याचं.” एकदा त्याला भिंतीवरचं कालनिर्णय वाचायला लावलं. तारखा घडाघडा वाचल्या. मग त्याचा डावा डोळा तळहाताने झाकला, तर तो माझा हात ढकलायला लागला. “काकू, काढा ना, काहीच दिसत नाहीये!”

पहिली चूक हीच, मूल सांगेल म्हणून थांबणं. त्याला पहिल्यापासून तसंच दिसत आलंय, सगळ्यांना असंच दिसत असणार असं त्याला वाटतं. म्हणून घरी एकेक डोळा झाकून बघा. या मुलाच्या उजव्या डोळ्याला प्लसचा मोठा नंबर निघाला. अशा डोळ्याकडून येणारं धूसर चित्र मेंदू हळूहळू बाजूला टाकतो आणि डोळा ‘आळशी’ होतो. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, हा त्यावरचा उपाय. सात-आठ वर्षांच्या आत सुरू केला तर गुण चांगला येतो, म्हणून “मोठा झाला की बघू” म्हणू नका.

फळ्यावरचं दिसत नाही म्हणून नुसतं पहिल्या बाकावर बसवणंही चूकच. त्याने वह्या पूर्ण होतात, नंबर तसाच राहतो. शाळेतल्या तपासणीची चिठ्ठी दप्तराच्या तळाशी चुरगळून पडलेली मी कितीदा पाहिलीय.

दुकानातल्या मशीनवर नंबर काढून लगेच चष्मा करू नका. लहान मुलं डोळ्यावर खूप ताण देऊ शकतात, त्यामुळे नंबर चुकतो. नेत्रतज्ज्ञ हा ताण सैल करणारे थेंब घालून तपासतात. त्यानंतर एखादा दिवस, काही औषधांनी त्याहून जास्त, जवळचं धूसर दिसतं, तेव्हा परीक्षेच्या तोंडावर जाऊ नका. खर्चाची चिंता असेल तर इथल्या एम.वाय. या सरकारी रुग्णालयात नेत्र विभाग आहे.

“चष्म्याने नंबर वाढतो” हे तर डोक्यातून काढूनच टाका. मायनस नंबर वाढतो तो डोळ्याची लांबी वाढते म्हणून. गाजराने तो उतरत नाही. रोज दोनेक तास उजेडात, मैदानावर खेळल्याने मायनस नंबर लागण्याची शक्यता मात्र कमी होते.

आमचा हा गडी आता रोज दोन तास पट्टी लावून माझ्यासमोर बसतो. परवा उजव्या डोळ्याने कालनिर्णयातल्या मोठ्या तारखा वाचल्या. खालच्या बारीक तिथी अजून नाही.