स्टीअरिंगचा नट अडलाय? लॉकच्या भरवशावर झटका मारू नका

स्टीअरिंग काढायचं तर आधी त्याच्या मधला नट सोडवावा लागतो. गोटी म्हणजे नटावर बसणारा सॉकेट, टॉमी म्हणजे ती फिरवायचा दांडा, पुलर म्हणजे घट्ट बसलेला भाग ओढून काढायचं साधन. आणि एअरबॅगवाली गाडी असेल तर इथेच थांबा. ते काम घरी शिकायचं नाही. माझी होती वडिलांची जुनी मारुती ८००, बिनएअरबॅगची, भांडुपला सोसायटीच्या आवारात उभी.

हॉर्नचं पॅड काढलं तर आत नट तांबूस झालेला. आपल्या खाऱ्या, दमट हवेत वर्षानुवर्षं हात न लागलेला नट असाच भेटतो. टॉमीवर जोर दिला की नट जागेवर आणि स्टीअरिंगच फिरायचं. ओळखीचा गॅरेजवाला म्हणाला, "चावी काढ, लॉक पडू दे, मग पाईप घालून झटका मार." मारला. कट्‌ असा आवाज आला. नट हललाच नव्हता, लॉक गेलं होतं. चावी फिरेना, स्टीअरिंग हलेना, गाडी टो करून न्यावी लागली. वडील काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

हे नीट समजून घ्या. लॉक म्हणजे शाफ्टच्या खाचेत बसणारी एक छोटी खीळ. चोराला स्टीअरिंग वळवता येऊ नये, एवढंच तिचं काम. दोन फुटांच्या पाईपवर २० किलोचा भार दिलात तर शाफ्टवर साधारण १२० न्यूटन मीटरचा पीळ येतो, आणि तो सगळा त्या खिळीवर. तुटली तर निदान कळतं. अर्धवट वाकली आणि चावी फिरली, तर तुम्ही तीच गाडी हायवेवर काढणार. तिथे लॉक अडकलं तर? कोणी आधीच असा झटका मारला असेल, तर लॉक तपासून घेतल्याशिवाय गाडी चालवू नका.

गुरू हवाच, पण "मी वीस वर्षं असंच करतो" एवढंच कारण देणारा नको. कारण विचारल्यावर जो चिडत नाही, त्याच्याकडे शिका.

दुसऱ्या वेळी मी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून सहा कोनांची गोटी आणली. बारा कोनांची गंजलेल्या नटाचे कोपरे खाते. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं. सकाळी चावी लावून लॉक मोकळं केलं, चाकं सरळ, टायर जमिनीवर. धाकट्या भावाने दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरलं. टॉमी डाव्या बाजूला आडवी ठेवून मी खाली दाबली, तो उलटा जोर लावत होता. तिसऱ्या दाबाला नट कुरकुरला. "दादा, हलला!"

तुमचाही हलेल. फक्त घाई नको, हवं तर आणखी एक रात्र तेल मुरू द्या.

हलल्यावर नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आट्यांवर राहू द्या. स्टीअरिंग शाफ्टवर घट्ट बसलेलं असतं, ओढताना एकदम सुटलं तर थेट तोंडावर येतं. शाफ्ट आणि स्टीअरिंगवर रंगाची एक सरळ खूण करा, नाहीतर बसवताना वाकडं बसेल. मग पुलर. शाफ्टच्या टोकावर हातोडी अजिबात नको, आटे फुगले की नट परत चढत नाही. बसवताना नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच, म्हणजे तेवढ्याच पिळाला, कसा, आणि रस्त्यावर जाण्याआधी चावी काढून-लावून लॉक चार वेळा पडतंय-सुटतंय ते बघा.