टर्बो इंजिनच्या ऑइलचे तापमान मी कसे आटोक्यात आणले

स्वतः बांधलेल्या गाडीत टर्बो इंजिन बसवल्यावर साध्या रस्त्यावर सर्व काही ठीक वाटत होते; मात्र ट्रॅकवर सलग वेगात चालवली की काही फेऱ्यांतच ऑइलचे तापमान १४० अंश सेल्सिअसपर्यंत जाई आणि ऑइल पातळ झाल्यामुळे त्याचा दाब स्पष्टपणे घसरे. ऑइलच्या थरावर टिकणाऱ्या इंजिनच्या बेअरिंगची काळजी असलेल्या कोणालाही हे पाहवणार नाही.

ऑइल कूलर (ऑइल हवेने थंड करणारी जाळी) लहान पडतो असे समजून मी आधी मोठा कूलर बसवला, पण फरक नगण्य पडला. खरी चूक हवेच्या मार्गात होती. हवा नेहमी सोपी वाट शोधते, आणि कूलरच्या चारही बाजूंना मोकळी फट असल्याने ती जाळीतून न जाता बाजूने निसटत होती. म्हणून बंपरच्या तोंडापासून कूलरपर्यंत ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे डक्ट (हवा नेणारा बंद मार्ग) केले, कडा फोमने बंद केल्या आणि, जे बहुतेक जण विसरतात, मागे गरम हवा बाहेर पडण्यासाठी वाट ठेवली. कूलरची ऑइल आत-बाहेर जाण्याची तोंडे वरच्या बाजूला घेतली, म्हणजे ऑइलमध्ये हवा अडकून राहत नाही.

ऑइल फिल्टरखाली थर्मोस्टॅट (ऑइल पुरेसे तापल्यावरच ते कूलरकडे सोडणारी झडप) असलेली प्लेटही बसवली, कारण अतिथंड ऑइलही घातकच असते: त्यातील ओलावा आणि इंधनाचा अंश उडून जात नाही. आता तशाच फेऱ्यांत तापमान ११० अंशांच्या आसपास स्थिर राहते.