महागडा ओएलईडी मॉनिटर घेताय? आधी या चुका टाळा

दुकानात ओएलईडी मॉनिटर पाहिला की घरच्या आयपीएस (मागून दिव्याचा उजेड देणाऱ्या साध्या एलसीडी) पडद्याकडे बघवत नाही. काळा रंग खरोखर काळा दिसतो आणि वेगवान दृश्यं जराही धूसर होत नाहीत. पण दुकानदार त्यावर डेमो व्हिडिओ लावून ठेवतो आणि आपण घरी त्यावर आठ-आठ तास एक्सेल, ईमेल आणि पीडीएफ उघडून बसतो. नंतरच्या बहुतेक तक्रारी इथूनच सुरू होतात.

मराठी मजकूर न बघता पैसे मोजणं ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. विंडोजमधलं क्लियरटाइप, म्हणजे अक्षरांच्या कडा गुळगुळीत दाखवणारं तंत्र, असं धरून चालतं की प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा ठिपका एका ओळीत शेजारी-शेजारी आहेत. 2022 पासून मॉनिटरमध्ये आलेल्या बहुतेक क्यूडी-ओएलईडी (ओएलईडीचाच एक प्रकार) पॅनेलमध्ये ही मांडणी त्रिकोणी असते. हिरवा ठिपका वर, लाल-निळे खाली. त्यामुळे आडव्या रेषांच्या कडांना रंग सुटतो, आणि देवनागरीत तर जवळपास प्रत्येक शब्दावर आडवी शिरोरेखा! 34 इंची, 3440 बाय 1440 च्या पडद्यावर पांढऱ्या पानावरचा काळा मजकूर जवळून पाहा. रेषेच्या एका कडेला हिरवट, दुसऱ्या कडेला गुलाबी-जांभळी झाक दिसेल. काहींना ती कधीच जाणवत नाही, तर काहींचे डोळे दुपारपर्यंतच शिणतात.

त्या पडद्यावर इंचाला साधारण 109 पिक्सेल असतात. 27 इंची 4के पडद्यावर ते 163 च्या घरात जातात आणि झाक जवळजवळ दिसेनाशी होते. म्हणून अनुवाद, डीटीपी किंवा संपादन करणाऱ्यांनी ओएलईडी घ्यायचाच असेल तर 27 इंची 4के घ्यावा. नाहीतर चांगला 4के आयपीएस घ्यावा, त्यात काहीही कमीपणा नाही. दुकानात जाताना पेनड्राइव्हवर एक मराठी पीडीएफ न्या आणि तुम्ही रोज बसता तेवढ्याच अंतरावरून वाचून बघा. मॉनिटर आधीच घेतला असेल तर क्लियरटाइप पुन्हा जुळवून किंवा बंद करून थोडा फरक पडतो, पण झाक पूर्ण जात नाही.

रात्री बोर्डावरचं बटण बंद करता?

आपल्याकडे झोपताना कॉम्प्युटरचं मेन बटण बंद करायची सवय असते. ओएलईडीच्या बाबतीत ती नडते. यातला प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाश देतो आणि वापरानुसार झिजतो. टास्कबारसारखी जागची न हलणारी चित्रं एकाच ठिकाणी जास्त झीज करतात. ती भरून काढायला मॉनिटर स्टँडबायमध्ये असताना काही मिनिटांची दुरुस्ती फेरी चालवतो. बऱ्याच मॉडेल्समध्ये ती साधारण 4 तासांच्या वापरानंतर येते. वीजच बंद केली तर ती होणार कशी?

मॉनिटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत बोर्डाला हात लावू नका. मध्येच वीज गेली तर नंतर मेन्यूतून फेरी हाताने चालवा. टास्कबारची पुसट सावली दिसली तरी लगेच घाबरू नका. आधी फेरी होऊ द्या, मग पूर्ण करड्या चित्रावर तपासा. सावली गेली तर ती तात्पुरती होती. अनेक दिवस तशीच राहिली तर ते बर्न-इन, म्हणजे कायमचा डाग. टास्कबार आपोआप लपेल असं सेटिंग करा, गडद थीम ठेवा, स्क्रीन बंद व्हायची वेळ 5 मिनिटांवर आणा.

खोक्यावरच्या 1000 निट्सवर (निट म्हणजे उजेडाचं माप) भुलू नका. तेवढा उजेड पडद्याच्या अगदी छोट्या भागापुरता असतो. अख्खा पांढरा पडदा बहुतेक क्यूडी-ओएलईडींवर 250 च्या आसपास थांबतो. शिवाय या पॅनेलमध्ये बाहेरच्या उजेडाची चमक कमी करणारा पोलरायझर थर नसल्यामुळे गॅलरीतून उजेड आला की काळा रंग जांभळट-करडा दिसतो. खिडकीसमोर टेबल असेल तर हा प्रकार घेऊच नका. पडदा पुसायला कोरडं मायक्रोफायबर वापरा, काच पुसायचा स्प्रे नको, कारण वरचा थर नाजूक असतो.

240 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 240 वेळा चित्र बदलणारा मॉनिटर लावूनही फरक वाटत नसेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘अॅडव्हान्स्ड’ उघडा, अनेकदा तिथे 60 च असतं. 4के 240 हर्ट्झला 10 बिट रंगांत सेकंदाला सुमारे 60 गिगाबिट माहिती लागते आणि एचडीएमआय 2.1 ची कमाल 48 आहे. त्यामुळे त्या केबलवर डीएससी कॉम्प्रेशन, म्हणजे माहिती दाबून पाठवणं, लागतंच. ग्राफिक्स कार्डात ते आहे का, हे मॉनिटर घेण्याआधी बघा. गेममध्ये अंधारी दृश्यं लुकलुकत असतील तर फ्रेमरेटला मर्यादा घाला किंवा व्हीआरआर (फ्रेमरेटनुसार पडद्याचा वेग बदलणारी सोय) बंद करा. पॅनेल बिघडलेलं नसतं.

आणि वॉरंटी. काही कंपन्या 3 वर्षांत बर्न-इनही धरतात, पण तो शब्द कार्डावर छापलेला हवा. बिल भारतातल्या अधिकृत विक्रेत्याचं घ्या आणि खोकं थर्मोकोलसकट जपून ठेवा, दुरुस्तीला पाठवताना तेच लागतं.